मंडूर

वर्गात इंग्रजी गद्याचा पाठ चालू असता विषय सोडून भलतीकडे जाण्याची आम्हांस खोड आहे. तीस वर्षे शिकवूनही ती गेली नाही आणि आता जाईल असे वाटत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी अशाच एका तासाला औद्योगिक क्रांतीचा उल्लेख आला. आम्ही पुस्तक मिटले आणि कोलब्रुकडेलचे वर्णन करू लागलो.

इंग्लंडच्या पश्चिम भागात, श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. आमच्या कन्येचे बिऱ्हाड काही काळ बर्मिंगहॅमास होते, तेव्हा आम्ही एक सबंध दिवस तेथे काढला. वस्ती म्हणाल तर आपल्याकडील तालुक्याच्या गावाहूनही लहान. परंतु 1709 साली अब्राहम डार्बी नावाच्या क्वेकर पंथाच्या कारागिराने तेथे लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक जाळून लोखंड गाळले, आणि पुढच्या शेदीडशे वर्षांच्या उलाढालींचे मूळ त्या लहानशा दरीत रुजले. तोवर लोखंड म्हणजे अरण्याला लागलेली भूक होती. जितके लोखंड हवे तितकी झाडे तोडणे भाग. कोक आल्यावर ती मर्यादा सुटली. 1767 साली ओतीव लोखंडाचे रूळ ह्याच गावी तयार झाले. 1779 साली जवळच सेव्हर्नवर लोखंडी पूल उभारला गेला. त्याचे वजन पावणेचारशे टनांच्या आसपास. 1802 साली ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या गाडीचे काम येथल्याच कारखान्याने अंगावर घेतले. आगगाडीचे रूळ, पूल आणि इंजिन ह्या तिन्ही गोष्टींचे पाळणाघर एकाच दरीत असावे, ह्याचे आम्हांस त्या दिवशी मोठे नवल वाटले होते.

त्याहून नवल वाटले ते तेथील लोकांनी हे सारे कसे जपले आहे त्याचे. पूल 1934 सालापासून वाहनांस बंद आहे. डार्बीची जुनी भट्टी राडारोड्याखाली गाडली गेली होती, ती 1959 साली, म्हणजे त्या प्रयोगास अडीचशे वर्षे झाली तेव्हा, उकरून काढली. आता तिच्यावर काचेचे छप्पर आहे. 1986 साली ही दरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. भट्टीशी एक सेवानिवृत्त गृहस्थ विनावेतन उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास माहिती सांगत होते. त्यांनी लोखंड गाळल्यावर उरणाऱ्या किटाचा एक हिरवट, काचेसारखा तुकडा आमच्या हातावर ठेवला, तो अशा जपणुकीने की जणू देव्हाऱ्यातला शाळिग्रामच. आम्ही त्या दिवशी पाऊणशे छायाचित्रे घेतली. त्यांतली वीस तरी नुसत्या किटाची असतील.

हे सर्व आम्ही वर्गात रंगून सांगितले. तास संपत आला तेव्हा मागल्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. एटापल्लीकडचा हा माडिया मुलगा वर्गात सहसा बोलत नसे. तो म्हणाला, "सर, आमच्या सूरजागडालाही लोखंड आहे. तिथे आधी काय होते, ते कोणत्या पुस्तकात आहे?"

घंटा झाली, आणि ती वेळेवर झाली ह्याबद्दल आम्ही मनातल्या मनात शिपायाचे आभार मानले. कारण आम्हांस उत्तर येत नव्हते. चंद्रपुरास राहून तीस वर्षे झाली होती. श्रॉपशरमधल्या भट्टीची तारीख तोंडपाठ होती. आणि ज्या लोहाऱ्याच्या टेकडीचे नाव पूर्वी देशभरच्या लोखंड शोधणाऱ्यांच्या तोंडी होते, ती ह्याच जिल्ह्यात असून आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

त्या दिवाळीच्या सुटीत आम्ही प्रायश्चित्तादाखल वाचन केले. जे हाती आले ते आधीच ठाऊक असावयास हवे होते असेच निघाले. विदर्भातील लोखंड डार्बीहून दोन सहस्रकांनी जुने आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर ह्यांनी 1977 नंतर जे उत्खनन केले, त्यात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ही विद्या ह्या मुलखातून पुरती लोपली नव्हती. कंबरेएवढी किंवा थोडी उंच मातीची भट्टी, तिच्यात थरावर थर लोणारी कोळसा आणि फोडलेला लोहदगड, तळाशी मातीची नळी, आणि नळीच्या तोंडाशी कातड्याचे भाते. काही तास भाता चालला की मळी वितळून वाहून जाई आणि आत लोखंडाचा एक सच्छिद्र गोळा उरे. तो तापवून ठोकून त्याचे फाळ, कुऱ्हाडी आणि बाणांची अग्रे होत. पुढे आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त आणून टाकले. सरकारने जंगले राखीव केली तेव्हा कोळशास लाकूड मिळेना. आणि भट्ट्या विझल्या. डार्बीची भट्टी विझली तेव्हा तिच्या जागी दुसरी मोठी भट्टी पेटली होती. येथे तसे काही झाले नाही.

होण्याची वेळ मात्र एकदा आली होती, आणि ती हकीकत वाचताना आम्हांस अक्षरशः चुटपुट लागली. 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्यास दगडी कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. दोहोंमधले अंतर थोडे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आगगाडी कोळशासाठीच आलेली. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत परीक्षा करविली. तो ह्या कामाचा नाही असे ठरले. वीस वर्षांनी विचार पुन्हा उचल खाऊन उठला, तेव्हा दोराबजी टाटा, अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड आणि शापुरजी सकलातवाला हे चांद्याच्या रानात बैलगाड्यांतून हिंडले. (हेच सकलातवाला पुढे 1922 साली लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून पार्लमेंटात गेले आणि कम्युनिस्ट म्हणून गाजले. चांद्याच्या रानातील त्यांच्या मुक्कामांवर कोणी कादंबरी कशी लिहिली नाही, कोण जाणे!) खनिज चांगले खरे, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके एके ठिकाणी नाही, असा वेल्डचा अभिप्राय पडला. हा नाद सोडतो असे सांगावयास दोराबजी नागपुरास सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालविण्यासाठी समोरच्या संग्रहालयात शिरले. आणि तेथे भिंतीवरच्या भूस्तरांच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. त्या खुणेवरून ढल्ली-राजहराचे डोंगर सापडले. पुढे प्रमथनाथ बोसांच्या पत्रावरून मयूरभंजचे लोखंड सापडले, 1907 साली कंपनी उभी राहिली, आणि 1912 साली साकचीस पोलाद निघाले. साकचीचे जमशेदपूर झाले. वरोऱ्याची खाण त्याआधीच, 1906 साली, बंद पडली होती. जमशेदपुराच्या कथेचा पहिला अध्याय चांद्याच्या रानात लिहिला गेला आणि मग कथाच येथून उठून गेली.

विद्यार्थ्याला आम्ही हे सगळे दिवाळीनंतर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, हे सगळे आमच्या इकडे आलेल्या लोकांचे झाले." आणि थोडे थांबून, "आजा आहे अजून. तुम्ही या एकदा."

आम्ही जानेवारीत गेलो.

जाण्याची तयारी करताना एक गोष्ट पुन्हा डोळ्यांत भरली. चंद्रपुराहून कोठेही आगगाडीने जाता येते. सूरजागडकडे येत नाही. 1982 च्या ऑगस्टात गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्यास सगळ्या विस्तारात आगगाडीचे एकच स्थानक आले. ते उत्तर टोकाला वडसा, म्हणजे देसाईगंज. वडशाहून गडचिरोलीपर्यंतच्या बावन्न किलोमीटरांच्या मार्गाविषयी आम्ही इतकी वर्षे वाचत आलो आहो की, त्याचे काम खरोखरच चालू झाले तेव्हा प्रथम आमचा विश्वास बसला नाही. सूरजागड तर गडचिरोलीहूनही पुष्कळ दूर, दक्षिणेस.

ह्या वडशावरून जाणारा गोंदिया-चांदाफोर्ट मार्ग मूळचा बंगाल-नागपूर रेल्वेचा, अडीच फुटी मापाचा. आमचे बालपण ह्याच मार्गावर नागभीडास गेले. म्हणून हा विषय निघाला की आमची लेखणी थोडी सैल सुटते, वाचकांनी क्षमा करावी. नागभीडास तीन दिशांच्या लहान गाड्या एकत्र येत. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांस लागत, आणि त्यामुळे परकेपणा फार वेळ टिकत नसे. गाडी चढावर आली की पोरे उतरून तिच्या बरोबर चालत. डब्यात मोहाचा, तेंदूच्या पानांचा आणि ओल्या धानाचा वास असे. एखाद्या थांब्यावर रानातून लंगोटी लावलेले, खांद्यावर कुऱ्हाड टाकलेले गृहस्थ निघत, गाडीकडे पाहत आणि पुन्हा रानात जात. ते कोण, कोठून आले, त्यांच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीचे पाते कोणी घडविले, हे आम्ही कोणास विचारले नाही, आणि आमच्या वडिलांनीही कधी विचारल्याचे आठवत नाही. तो मार्ग पुढे रुंद झाला. नागपूर-नागभीड ही राहिलेली लहान गाडी 2019 च्या नोव्हेंबरात बंद झाली. नागपुरास मोतीबाग येथे 2002 पासून अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे रंगरंगोटी केलेले इंजिन पाहताना आम्हांस कोलब्रुकडेलच्या त्या गृहस्थांची आठवण झाली होती. गाडी चालू होती तोवर मात्र आम्हीही इतर सर्वांप्रमाणे तिच्या संथपणास नावेच ठेवीत होतो.

असो. आम्ही एस्‌टीने निघालो. गोंडपिंपरी मागे टाकून वैनगंगेच्या पुलावरून आष्टीस उतरलो की गडचिरोली जिल्हा लागतो. ह्याच भागात कोनसरीस सूरजागडच्या खनिजावर चालणारा कारखाना उभा राहिला आहे. त्याची कोनशिला 2017 साली बसली. तेथपासून रस्त्याचा रंग बदलतो. डांबर काळे असते ही आमची समजूत होती. येथे ते तांबूस आहे, कडेचे गवत तांबूस आहे, आणि कडेच्या सागाची पानेही पावसाळा येईपर्यंत तांबूसच राहतात. समोरून मालमोटारी येतात, एकीमागून एक, ताडपत्री बांधलेल्या. आम्ही मोजू लागलो आणि आलापल्लीच्या आधीच मोजणे सोडून दिले.

आलापल्लीच्या सागवनाची कीर्ती जुनी आहे. भामरागडच्या वाटेवर सहा हेक्टरांच्या आसपास एक वनखंड कुऱ्हाड न लावता राखले आहे. 2014 साली त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून सरकारी मान्यताही मिळाली. त्यास लोक वनवैभव म्हणतात. झाडांचा वारसा ठरविता येतो, तसा ह्या मुलखात आणखी कशाचा ठरविता येईल, असा विचार करीत आम्ही आलापल्लीच्या स्थानकावर चहा घेतला. जवळच अहेरी, आणि तिच्या पलीकडे प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी. 1858 च्या एप्रिलात तेथे तळ देऊन राहिलेल्या तारखात्याच्या दोन इंग्रज नोकरांस मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके ह्यांच्या माणसांनी मारले. तारयंत्र म्हणजे आगगाडीची धाकटी बहीण. नव्या युगाचे लोखंड ह्या रानात प्रथम आले ते तिच्या तारेच्या रूपाने, आणि त्याचे असे स्वागत झाले. बाबुराव पुढे पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांस फाशी झाली. ते ठिकाण आमच्या महाविद्यालयापासून फार दूर नाही. कोलब्रुकडेलवर तासभर बोलताना तेही आम्हांस सुचले नव्हते.

एटापल्लीस विद्यार्थी मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्या मागे बसून, जीव मुठीत धरून आम्ही पुढचा रस्ता काटला. मध्येच त्याने गाडी थांबविली आणि हाताने दाखविले, "तो सूरजागड."

एखादा सुळका किंवा कडा दिसेल अशी आमची कल्पना होती. दिसली ती दाट रानाने झाकलेली लांबच लांब रांग. तिच्या एका अंगावरचे रान खरवडून काढलेले, आणि तेथे पायऱ्या पाडलेल्या, लालभडक. ह्या रांगेत ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. सूरजागड इलाख्यातील सत्तर गावांचे लोक येतात, पलीकडच्या छत्तीसगडातूनही येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा यात्रा आटोपून काही दिवस झाले होते. वर जाण्यास आता पहारे ओलांडावे लागतात, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

खाणीची हकीकत थोडक्यात अशी. 2007 साली लॉइड्स मेटल्स ह्या कंपनीस येथील 348 हेक्टरांचा पट्टा मिळाला. काम सुरू होता होता नऊ वर्षे गेली, आणि 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहने एका दिवसात जाळली. नेटाने उत्खनन सुरू झाले ते 2021 पासून. 2023 साली वर्षास तीस लाख टनांची मर्यादा वाढवून एक कोटी टनांची झाली. आम्ही गणिताचे प्राध्यापक नव्हे. तरी भागाकार केला तर दिवसास सत्तावीस हजार टन येतात. सेव्हर्नवरचा तो पूल पुन्हा ओतावयाचा म्हटले, तर त्यास पुरेल इतका लोहदगड ह्या हिशेबाने येथून अर्ध्या तासात खाली उतरेल. 2025 च्या जुलैत हेडरीपासून कोनसरीपर्यंत पंच्याऐंशी किलोमीटरांची नळवाहिनीही सुरू झाली. दळलेले खनिज पाण्यात कालवून तिच्यातून वाहून नेतात. म्हणजे आगगाडी येण्याच्या आधीच तिची गरज थोडी कमी झाली. प्रवाशांस मात्र नळातून जाता येत नाही.

विद्यार्थ्याचे घर एका ओढ्याच्या वर आहे. अंगण इतके स्वच्छ सारवलेले की जोडे बाहेर काढताना संकोच वाटला. आजोबा खाटेवर बसून होते. "जोहार" झाला. ते माडियात बोलत आणि नातू मराठीत सांगे. प्रथम त्यांनी आमच्या मुलाबाळांची चौकशी केली. आम्ही कशासाठी आलो हे नातवाने सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसले. मग उठून आम्हांस घरामागे ओढ्याच्या काठी घेऊन गेले आणि एका उंचवट्यावर पाय आपटून काही बोलले.

"इथे लोहाराची भट्टी होती म्हणतो. त्याच्या आज्याने पाहिलेली. लोहार पावसाळा संपला की यायचे, फाळ आणि तिऱ्यांची टोके करून द्यायचे, धान घेऊन जायचे. डोंगरातला दगड घ्यायच्या आधी कोंबडे द्यायचे देवाला."

"किती दगड घेत?" आम्ही विचारले.

नातवाने विचारून सांगितले, "लागेल तितका. टोपलीभर."

उंचवट्यावर आता तुरीची खुंटे उभी होती. भट्टीचे काही दिसते का म्हणून आम्ही काठीने माती उकरून पाहिली; काही दिसले नाही. घरी परतल्यावर मात्र म्हातारबुवांस काही आठवले. ओसरीच्या कोपऱ्यात मोहाफुलांचे मडके होते. त्याच्या झाकणावर, कुत्र्यामांजराने उघडू नये म्हणून, काळा दगड ठेवलेला होता. तो त्यांनी उचलून आमच्या हाती दिला. नारळाएवढा, एका अंगास वाहून गोठल्यासारखा गुळगुळीत, दुसरीकडे फसफसून फुटलेल्या पोळीसारखा. आम्ही ओळखले. ते भट्टीचे कीट होते.

आमच्या लहानपणी आमच्या आजीस वैद्यांनी मंडूर भस्म दिले होते. मंडूर म्हणजे हेच, लोखंडाचे जुने कीट. वैद्यकाचे ग्रंथ सांगतात की शंभर वर्षांचे मंडूर उत्तम, ऐंशीचे मध्यम, साठांचे कनिष्ठ. त्याहून ताजे घेऊ नये. विझलेल्या भट्ट्यांच्या राखेत बसून किटाचे वय मोजणारे लोक ह्या देशात होते, आणि ते पुराणवस्तूंचे अभ्यासक नव्हते, पांडुरोगावर औषध शोधीत होते. हे आम्ही नातवास सांगितले; त्याने आजोबांस सांगितले; आजोबांनी तो दगड पुन्हा एकदा आदराने पाहिला आणि विचारले की हा कितीस जाईल.

आम्ही म्हणालो, ह्यास किंमत नाही. पण महाविद्यालयाच्या काचेच्या कपाटात ठेवावयास मिळाला तर आम्ही उपकृत होऊ. ते तत्काळ हो म्हणाले. अडचण काढली ती आजीबाईंनी, आणि ती रास्त होती: मग मडक्यावर काय ठेवावे? धाकटी नात धावत रस्त्यावर गेली आणि मालमोटारीतून पडलेला एक दगड घेऊन आली. तो आकाराने लहान पण वजनाला दुप्पट. तिच्या दोन्ही तळहातांस लाली लागली होती. तो झाकणावर ठेवला. मडके बंद झाले.

जेवणानंतर अंधार पडला. दूर रस्त्यावर मालमोटारींच्या दिव्यांची रांग हलत होती, आणि डोंगराच्या खोदलेल्या अंगावर पांढरा उजेड होता. 1801 साली फिलिप द लूथरबूर्ग ह्या चित्रकाराने कोलब्रुकडेलच्या रात्रीचे चित्र काढले, ज्वाळांनी लाल झालेल्या आकाशाचे; ते आम्ही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाहिले आहे. त्या चित्रात पुढे घोडे आणि एक लहान मूल दिसते. मागच्या भट्ट्यांविषयी त्या मुलाचे काय मत होते, हे आम्हांस कधी मनात आले नव्हते.

विद्यार्थ्याने त्याच वेळी आपला विषय काढला. एका कंत्राटदाराकडे त्यास काम मिळत होते. मोठी यंत्रवाहने चालविण्याचे शिक्षण देऊन. महिना पगार आमच्या महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांहून अधिक. थोरला भाऊ आधीच लागला होता. आजोबा मात्र खाणीविरुद्धच्या सभांना जात आले होते. 2022 च्या ऑक्टोबरात खाणीच्या वाढीवर जनसुनावणी झाली ती येथे नव्हे, गडचिरोलीस, जिल्ह्याच्या ठिकाणी; आजोबांस जाता आले नाही. ह्याच तालुक्यातील गर्देवाड्यास एस्‌टीची पहिली गाडी 1 जानेवारी 2025 रोजी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. ती खाणीच्याच रस्त्यांबरोबर आली, हेही त्याने सांगितले. तो कोणाची बाजू घेऊन बोलत नव्हता. मोजून सांगत होता.

मग त्याने विचारले, "सर, डार्बीने खाणी काढल्या, तेव्हा त्या गावच्या लोकांना कोणी विचारले होते का?"

डार्बी घराण्याने कामगारांसाठी घरे बांधली, हे आम्हांस ठाऊक होते, तेवढे सांगितले. त्याने मान हलविली. प्रश्न तो नव्हता, हे आम्हांसही कळत होते. पदवी पुरी कर, असे आम्ही म्हणालो. तीस वर्षे प्रत्येकास हेच म्हणत आलो आहो. कोणत्या आधारावर म्हटले ते आता सांगता येणार नाही. ह्या पदवीने त्यास त्या पगाराचे काम मिळेल असे आश्वासन आम्हांस देता आले नसते, आणि ते काम घेऊ नको म्हणण्याचा अधिकार, ज्याच्या घराचे खांब आणि गज कोणत्या ना कोणत्या डोंगराचेच आहेत त्या आमच्यासारख्याने कोठून आणावा?

मार्चात परीक्षा झाली. त्याचा आसन क्रमांक दोन पेपरांस रिकामा होता. तिसऱ्यास तो आला, दाढी वाढलेली, डोळे रात्रपाळीचे. पेपर देऊन आम्हांस न भेटता गेला.

कीट आमच्या विभागाच्या कपाटात आहे. शेजारी कोलब्रुकडेलहून आणलेले पुलाचे चित्र आणि मोतीबागच्या इंजिनाचे छायाचित्र ठेवले आहे. ह्या दोहोंखाली चिठ्ठ्या आहेत, सालांसकट. किटाखालची चिठ्ठी आम्ही तीनदा लिहिली. स्थळ, सूरजागड इलाखा, एवढे लिहिता आले. काळ लिहिता येईना. भट्टी कोणाची, त्या लोहाराचे नाव काय, तो कोठून येई आणि केव्हा यावयाचा थांबला, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. शोधकर्ता म्हणून आमचे नाव घालावे असे एका सहकाऱ्याने सुचविले. आम्ही घातले नाही.

मेमध्ये एके रात्री विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. मागे यंत्राचा आवाज होता. राहिलेले दोन पेपर हिवाळ्यात देता येतील का, हे त्याने विचारले. येतील, असे आम्ही सांगितले. आजोबा बरे आहेत म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "सर, त्या दगडाखाली काय लिहिले?"

आम्ही सांगितले की अजून लिहिणे चालू आहे.